कोरडा राहिलेला हात

भोंग्याला पाण्यात बुडवायचं ठरलं, आणि ठरवणाऱ्यांपैकी एकालाही त्याच्या गळ्याकडे एकदा नीट बघावंसं वाटलं नाही.

उपासना संपता संपता पाळकांनी बाप्तिस्म्यासाठी तयार झालेल्यांची नावं वाचली. शेवटचं नाव भोंग्याचं निघालं. मागच्या बाकावर बसलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, डोळे भरून आले. पण पाळकांचं पुढचं वाक्य ऐकलं आणि ते जागच्या जागी कोरडे झाले.

"हे चौघंही येत्या रविवारी पाण्याखाली जातील," पाळक म्हणाले, "आणि नवा जन्म घेऊन वर येतील."

पाण्याखाली. ताईने शेजारी पाहिलं. भोंगा आनंदाने मान डोलवत होता, आणि त्याच्या गळ्यावर बांधलेली मलमलची पट्टी प्रत्येक श्वासाबरोबर आत ओढली जात होती, बाहेर फुगत होती.

भोंगा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. तो भाजीबाजारात लिलाव पुकारायचा. आवाज असा, की त्याने पहाटे पहिली बोली पुकारली की पलीकडच्या गल्लीतली तान्ही मुलं दचकून उठायची. आणि जीभ आवाजाहून तिखट. ताई लहानपणापासून प्रार्थनाघरात जाणारी, तर हा तिला दारातच गाठून विचारायचा, "काय ताई, या खेपेला किती बुडवले?" ते सगळं हसण्यावारी नेता येत होतं. पण मुलीने स्वतःच्या मनाने लग्न केलं तेव्हा त्याने जे केलं ते कोणालाच हसण्यावारी नेता आलं नाही. भर बाजारात लाकडी खोक्यावर चढून त्याने पोटच्या पोरीचा लिलाव पुकारला होता. "डागी माल! कोण उचलतो? एक वार!" ती तेव्हा आईला भेटायला म्हणून तिथेच, भाज्यांच्या पाट्यांपलीकडे येऊन उभी होती.

त्यानंतर काही वर्षांनी त्याच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं आणि श्वासनलिकेचं तोंड गळ्याच्या पुढच्या बाजूला आणून शिवलं. आता नाकाचा आणि फुप्फुसांचा काही संबंध उरला नव्हता. तोंड जेवण्यापुरतं. श्वास यायचा-जायचा तो गळ्यातल्या त्या भोकातून, नाण्याएवढ्या.

आवाज गेलेला माणूस बाजारात काय करणार? तो ताईबरोबर मागच्या बाकावर येऊन बसू लागला. सुरुवातीला केवळ वेळ जात नाही म्हणून. मग एके दिवशी उपासना सुरू असतानाच उठला, तडक मुलीच्या घरी गेला. बोलायचं यंत्र अजून मिळालं नव्हतं. मुलीने दार उघडलं, पाहिलं, आणि लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला, आणि दार वाजवण्याऐवजी तिच्या इमारतीचा जिना झाडून, ओल्या फडक्याने पुसून परत आला. मग रोजच. शेजारीपाजारी विचारत, नवा झाडूवाला का? तो मान हलवून हो म्हणे. शेवटी एका सकाळी मुलगीच जिन्यात आली, त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि म्हणाली, "पुरे झालं, बाबा. आत या."

ताईच्या लेखी भोंग्याचा नवा जन्म त्या जिन्यावर झाला होता. पाणी काय ते बादलीत होतं.

उपासनेनंतर ती पाळकांच्या मागच्या खोलीत गेली. तिला तिथे जायला कोणाची परवानगी लागत नसे, कारण व्यासपीठाखालच्या हौदाची चावी तिच्याकडे असायची. ती शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होती, त्यामुळे बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी हौद घासणं, भरणं, क्लोरीन तपासणं, पाणी कोमट ठेवणं, हे सगळं आपसूक तिच्या गळ्यात पडलं होतं. पाण्यात फुगून वर येऊ नयेत म्हणून पांढऱ्या झग्यांच्या घेरात शिशाचे गोळे तीच शिवायची. त्याआधी, शाळेत असताना, ती काठावर टॉवेल धरून उभी राहायची. या मंडळीतला पाण्यातून वर आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस तिने ओलाचिंब पाहिलेला होता.

"पाळकसाहेब, भोंग्याला पाण्याखाली नेता येणार नाही."

पाळक तरुण होते, मनाने चांगले. या मंडळीत येऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. "का हो, ताई? पाण्याची भीती वाटते का त्याला? काही काळजी करू नका. मी स्वतः धरीन. आणि नाक तर मी घट्ट धरतोच."

ते खरं होतं. माणसाला मागे झुकवून पाण्यात नेण्याआधी पाळक खिशातून रुमाल काढत, त्याची घडी करत आणि ती त्या माणसाच्या नाकातोंडावर दाबून धरत. नाकात थेंब जाऊ नये म्हणून. मंडळीतल्या बायका त्याचं फार कौतुक करत.

"नाक?" ताई म्हणाली. "त्याच्या नाकाचा उपयोग आता चष्मा टेकवण्यापुरता उरलाय. तो श्वास इथून घेतो." तिने स्वतःच्या गळ्याच्या खोबणीवर बोट ठेवलं. "तुम्ही नाक धराल आणि हे उघडं भोक पाण्यात घालाल. तो तुमच्या हातात बुडेल, साहेब. आणि त्याला ओरडताही येणार नाही."

पाळकांचा चेहरा उतरला. त्यांच्या हे खरोखरच लक्षात आलं नव्हतं. ताईला त्याचाच संताप आला. हा माणूस दर आठवड्याला भोंग्याशी हात मिळवत होता, त्याच्यासाठी डोळे मिटून प्रार्थना करत होता. डोळे एकदा उघडे ठेवून केली असती तर?

"मग भोकाला बूच लावा," खोलीच्या कोपऱ्यातून आवाज आला.

घड्याळवाले काका स्टुलावर उभं राहून भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत होते. दुकान आता मुलगा बघायचा, पण मंडळीच्या वडीलजनांमध्ये काकांचा शब्द पहिला आणि शेवटचाही. जुन्या मोडलेल्या हाडामुळे त्यांचा उजवा हात मनगटाशी जरासा वाकडा होता. बोलताना ते तोच हात पुढे करून हवेत ठोके मारत.

"बूच लावलं की त्याला श्वासच घेता येणार नाही, काका. आणि घाबरून खोकला आला की बूच उडेल."

"क्षणभराची तर गोष्ट."

"बुडायला क्षणच पुरतो."

काका स्टुलावरून खाली उतरले. "हे बघ ताई. घड्याळातला एक दाता काढला तर घड्याळ थोडं कमी चालतं का? नाही. बंद पडतं. हेही तसंच आहे. पाण्याखाली जाणं म्हणजे जुन्या माणसाचं मरण. वर येणं म्हणजे नवा जन्म. केसापासून नखापर्यंत. जेवढं कोरडं राहील तेवढं जुनं राहील. मी माझ्या पदरचं सांगत नाही."

"मग येशूच्या शेजारी वधस्तंभावर मरताना ज्याला स्वर्ग मिळाला, त्या चोराला कोणत्या हौदात नेलं होतं?"

"तो अपवाद."

"मग आणखी एक करा की."

"अपवाद करण्याचा अधिकार आपल्याला नाही."

"आणि माणूस मारण्याचा आहे?"

पाळक पुटपुटले, "ताई, तसं नका म्हणू." ताईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"काका, मला एवढंच सांगा. माझा भाऊ आज, आत्ता, नवा जन्मलेला आहे की नाही?"

"बी पडलं असेल," काका शांतपणे म्हणाले. "जन्म नाही."

"मग मुलीचा जिना झाडत होता तो कोण?"

"भला माणूस. भली माणसं काय, बाहेरही पुष्कळ आहेत." काकांनी किल्ली खिशात टाकली. "श्रद्धा असेल तर त्या भोकात एक थेंब जाणार नाही. आणि जाईल अशी भीती वाटत असेल तर त्याने थांबावं. कोणी बळजबरी केलेली नाही."

"पाण्याला श्रद्धा कळत नाही, काका. मी आयुष्यभर पाणीच तपासत आले. त्याला भोक दिसलं की ते आत जातं. संताच्याही आणि चोराच्याही."

"पाणी कोणी बनवलं ते तू विसरतेस."

"फुप्फुसंही त्यानेच बनवलीत," ताई म्हणाली, आणि दार न आपटता बाहेर पडली. न आपटण्यासाठी तिला किती जोर लावावा लागला ते तिचं तिलाच ठाऊक.

भोंग्याच्या स्वयंपाकघरात पोचेपर्यंत तिचा राग निवला नव्हता, उलट वाटेत चांगला मुरला होता. भावजय ओट्याशी भांडी विसळत होती. भोंगा खिडकीजवळ आरसा लावून गळ्याभोवतीची त्वचा कापसाने पुसत होता. ताईने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "तू काही जाणार नाहीस. मी हौदच भरत नाही. बघू कशात बुडवतात ते."

भोंग्याने नवी पट्टी बांधली, यंत्र उचललं आणि गालाच्या खाली मानेला लावलं. दाढीच्या मशीनसारखं ते घरघरायचं आणि त्यातून एकाच सुरातले शब्द बाहेर पडत. चढ नाही, उतार नाही. ज्या माणसाने आवाजाच्या चढउतारावर बाजार चालवला त्याच्या वाट्याला हे यावं.

"मी. जाणार. आहे."

"वेडा आहेस का तू?"

"आधीपासून," यंत्र म्हणालं. भावजय हसली आणि ओल्या हातानेच तोंड झाकलं.

"अगं, तू तरी सांग त्याला!"

"मी काय सांगू, ताई? आवाज होता तेव्हा ऐकलं नाही, आता तर यांच्याकडे मशीन आहे."

ताई खुर्चीत बसली. "भोंग्या, नीट ऐक. पाण्याने जन्म होत नाही. तुझा झालेला आहे. मी पाहिलाय. आणखी काय हवंय तुला? त्या काकांचा शिक्का?"

भोंग्याने कापसाचा बोळा केराच्या डब्यात टाकला. मग यंत्र पुन्हा घरघरलं. लांब वाक्यांना तो मध्ये मध्ये थांबायचा, गळ्यातून श्वासाचा सूं असा आवाज यायचा.

"पोरगी जन्मली. तेव्हा. नर्सने आणून दिली. पुसून, दुपट्यात गुंडाळून. मी म्हटलं, हिला आंघोळ कधी? ती हसली. म्हणाली, घालू की. घाई काय. जन्म तर झालाय." सूं. "आंघोळीने पोर जन्मत नाही. मला कळतं, ताई. पण बिनआंघोळीची ठेवतं का कोणी?"

ताई तोंड उघडणार तोच त्याने तिला हाताने थांबवलं.

"सगळे साक्ष देतात, देवाने काय केलं त्याची. उभं राहून. मी काय देणार? या भुंग्याने?" त्याने यंत्र हलवून दाखवलं. "लोक हसू दाबतात. गाता येत नाही. मोठ्याने आमेन म्हणता येत नाही. पाण्यात उतरायला आवाज लागत नाही. एवढं एक माझ्यासारख्याला जमण्याजोगं आहे. तेही तू नको म्हणतेस. ते म्हणतात पाण्याशिवाय जन्म नाही. तू म्हणतेस जन्म झाला, पाणी कशाला. दोघांनी परस्पर ठरवलं." सूं. "मला कोणी विचारलं?"

ताईच्या मनात आलं की हे असं कडू बोलणं त्याने या एका सुरात बोलावं हा अन्यायच आहे. यावर ओरडण्याचा त्याचा हक्क होता.

"बरं," ती म्हणाली. "उतर पाण्यात. पण छातीपर्यंत. खाली जायचं नाही. पाळक डोक्यावर पाणी ओततील. कितीतरी ठिकाणी तसंच करतात, तोही बाप्तिस्माच असतो."

"आणि त्यांनी नाही ओतलं तर?"

"ओततील."

"खाली चल म्हणाले," भोंगा म्हणाला, "तर मी जाईन."

भावजयीच्या हातातलं पातेलं ओट्यावर पडलं. ती आता हसत नव्हती. "ताई, यांचं हे असंच आहे," ती कशीबशी म्हणाली. "बोली लागली की मागे घेत नाहीत."

शनिवारी ताईने व्यासपीठाच्या फळ्या उचलल्या, हौद घासला आणि भरायला लावला. हौदाच्या तळाशी, निचऱ्याच्या भोकात एक उभी नळी बसवलेली होती. पाणी तिच्या टोकापर्यंत चढलं की वरचं आपोआप वाहून जाई. नळी उपसून काढली की सगळा हौद रिकामा. ती काढायला वर काठाशी एक साखळी होती. पाणी चढत होतं, ताई थर्मामीटर धरून बसली होती, तेव्हा पाळक आले. काठावर अवघडून बसले.

"ताई, मी दोन रात्री झोपलो नाही."

"माझा भाऊ झोपतोय छान."

"खरं सांगू? मला स्वतःला वाटत नाही की पाण्यात जन्म होतो. जन्म आत्म्याने होतो. पाणी ही खूण आहे, त्या जन्माची जाहीर कबुली. मी हेच शिकलो. पण इथले वडीलजन..."

"तुम्हाला काय वाटतं ते मी विचारलंच नाही, साहेब. उद्या काय करणार ते विचारते. ओतणार का?"

पाळकांनी बोटं पाण्यात घातली, बाहेर काढली. "काका म्हणतात, एकदा ओतून भागलं तर उद्या प्रत्येकजण काहीतरी कारण काढेल. मंडळी फुटेल."

"म्हणजे मंडळी फुटण्यापेक्षा माणूस बुडालेला बरा."

"मी तसं म्हटलं नाही."

"नाही. तुम्ही काहीच म्हटलं नाही." तिने थर्मामीटर पुसून डबीत ठेवला. "पाणी कोमट आहे. झगे इस्त्री करून ठेवलेत. माझं काम झालं. तुमचं काय ते तुम्ही बघा."

रविवारी प्रार्थनाघर भरलेलं होतं. भोंग्याची मुलगी आली होती, कडेवर लेकरू. ती पहिल्यांदाच इथे येत होती. ताई नेहमीप्रमाणे हौदाच्या काठाशी टॉवेल घेऊन उभी राहिली. तिथून साखळी हाताच्या अंतरावर होती. पहिल्या बाकावर घड्याळवाले काका आणि बाकीचे वडीलजन.

पहिले तिघं एकामागून एक उतरले. रुमाल नाकावर, मागे झुकायचं, पाणी डोक्यावरून मिटायचं, आणि वर. मंडळी आमेन म्हणत होती. ताईने प्रत्येकाला टॉवेल दिला. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा होता आणि तिला तो दिसत होता. तिचं भांडण त्या आनंदाशी नव्हतंच.

मग भोंगा. पांढरा झगा, गळ्यावर स्वच्छ पट्टी. पायऱ्या उतरताना त्याने यंत्र बायकोच्या हातात दिलं. म्हणजे आता तो मुका होता. पाणी छातीपर्यंत आलं. भोकाच्या खाली वीतभर अंतर. ताईचं सगळं लक्ष त्या वीतभरावर.

पाळकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ओठ हलले, पण शब्द फुटेना. त्यांनी पहिल्या बाकाकडे पाहिलं.

"पूर्ण," घड्याळवाले काका म्हणाले. मोठ्याने नाही. वेळ सांगावी तसं.

आणि पाळकांनी रुमाल काढला.

ताईने तो रुमाल पाहिला. ओला, नीट चौकोनी घडी केलेला. इतकं सगळं सांगून, समजावून, शेवटी हा माणूस भोंग्याचं नाक धरणार होता! भोंग्याने डोळे मिटले, एका हाताने गळा झाकला आणि मागे झुकायला लागला. टॉवेल खाली पडले. ताईने साखळी धरली आणि अंगातला होता नव्हता तेवढा जोर लावून ओढली.

नळी निघाली. हौदाच्या पोटातून असा काही गडगडाट झाला की पुढच्या बाकावरच्या बाया उठून उभ्या राहिल्या. भोंगा दचकून सरळ उभा राहिला. पाणी खाली जाऊ लागलं. भोंग्याची छाती उघडी पडली, मग कंबर. ओला झगा अंगाला चिकटला आणि शिशाचे गोळे त्याच्या पायांवर आपटू लागले.

"ताई!" काका ताडकन उठले. "हे काय चालवलंयस? नळी लाव आधी!"

"नाही लावणार."

"हे देवाचं घर आहे. तुझी प्रयोगशाळा नव्हे!"

"प्रयोगशाळेत आम्ही उंदीरसुद्धा असे बुडवत नाही."

मागे कोणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच दबलं. काकांचा चेहरा लाल झाला. त्यांनी वाकडा हात पुढे केला. "सर्वांसमोर सांगतो. हा माणूस पाण्याखाली गेला नाही. याचा जन्म झालेला नाही. आज नाही, आणि अशा बहिणी पाठीशी असेपर्यंत कधीच नाही. जेवढं कोरडं तेवढं जुनं!"

हवेत ठोके मारणाऱ्या त्या हाताकडे ताई पाहत राहिली. आणि तिला तो हात दिसला. पुष्कळ वर्षांपूर्वीचा, प्लॅस्टरमधला, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेला. ती तेव्हा शाळेत होती. याच काठावर टॉवेल धरून उभी होती.

"काका," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण आता सगळे गप्प होते. "तुमचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तुमचा हात मोडलेला होता. हाच. प्लॅस्टर भिजू नये म्हणून तुम्ही तो वर धरला होता. सगळं अंग खाली गेलं आणि हा एकटा पाण्याबाहेर. मी हसले म्हणून आईने मला चिमटा काढला होता."

काकांचा हात हवेतच थांबला.

"प्लॅस्टरसाठी अपवाद झाला. चुन्याच्या एका गोळ्यासाठी. तेव्हा कोणी म्हटलं नाही की श्रद्धा असेल तर प्लॅस्टर भिजणार नाही. आणि मग इतकी वर्षं तुम्ही याच हाताने आम्हाला प्रभुभोजनाची भाकर वाटलीत. बाप्तिस्मा नाही म्हणून माझ्या भावासमोरून ताट तसंच पुढे नेलंत तेही याच हाताने. आता सांगा. हा हात जुना आहे की नवा?"

हौदाचा गडगडाट मंदावला होता. पाणी गुडघ्यांखाली आलं होतं. ताईने वाकून नळी पुन्हा भोकात बसवली.

तेव्हा भोंगा गुडघे टेकून बसला. कोणी सांगितलं नव्हतं. त्याने मान पुढे झुकवली, हनुवटी छातीकडे, दोन्ही हातांनी गळा झाकला आणि वाट पाहू लागला. ताई चपलांसकट हौदात उतरली आणि कोरड्या टॉवेलची वळकटी करून त्याच्या हनुवटीखाली धरली. मग मान वर करून पाळकांकडे पाहिलं.

पाळकांच्या हातात अजून तो रुमाल होता. त्यांनी तो पाहिला, जणू दुसऱ्या कोणाचा असावा, आणि काठावर ठेवून दिला. मग ते वाकले. ओंजळीत पाणी घेतलं. पित्याच्या नावाने म्हणताना त्यांचा आवाज फाटला, पुत्राच्या नावाने जरा सावरला. तिसरी ओंजळ पवित्र आत्म्याच्या नावाने त्यांनी सावकाश ओतली, आणि त्यातलाच एक ओघळ भोंग्याच्या कानामागून, टॉवेलला चुकवून, बोटांच्या फटीतून आत गेला.

एवढासा ओघळ. भोंग्याचं सगळं अंग आकसलं. त्याने पट्टी उपटून काढली आणि गळ्यातून खोकला फुटला, बिनआवाजाचा, फक्त हवा फाटल्यासारखा. पुन्हा, पुन्हा. चेहरा काळानिळा पडला. ताई त्याला पुढे वाकवून पाठ थोपटत होती, भोक पुसत होती. मंडळीने ते भोक पहिल्यांदाच उघडं पाहिलं. लालसर, ओलं, धडपडणारं. मुलगी धावत काठापर्यंत आली. कोणाच्या तरी तोंडून "अरे देवा" निघालं.

हळूहळू श्वास ताळ्यावर आला. ताई उठून उभी राहिली. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"बघितलंत?" ती कोणा एकाला म्हणाली नाही. "हे एका ओघळाने. आणि तुम्ही ह्याला अख्खा आत घालणार होता. आमेन म्हणत."

भोंग्याने बायकोकडे हात केला. तिने यंत्र दिलं. तो गुडघ्यांवरच होता, केसांतून पाणी गळत होतं. त्याने मुलीकडे पाहिलं आणि यंत्र मानेला लावलं.

"डागी माल," तो एकाच सुरात म्हणाला. "एक वार. दोन वार. तीन वार." सूं. "घेतला. घेणाऱ्याने."

मुलीने कडेवरचं पोर खाली ठेवलं आणि तशीच पाण्यात उतरली.

घड्याळवाले काका अजून उभेच होते. मग ते बाकाबाहेर पडले. त्यांनी कोणाची माफी मागितली नाही, काही मान्यही केलं नाही. मधल्या वाटेने ताठ चालत गेले. दाराशी पोचल्यावर त्यांनी उजवा हात पुढे केला, क्षणभर थांबले, आणि दार डाव्या हाताने ढकललं.

पाळक ताईजवळ आले. "ताई, मी... मला क्षमा करा. माझा हात आपोआप खिशात गेला."

"तेच तर," ताई म्हणाली. अंगातला राग अजून तसाच होता, आणि तिला तो इतक्यात जायला नको होता. तिने काठावरचा रुमाल उचलला आणि त्यांच्या हातात दिला. "उजवीकडच्या कोपऱ्यात पाणी साचून राहतं. ते पुसून घ्या. मी भावाला कोरडं करते."